आखूड पायांचा शिकारी घरात आणताना
डॅशहुंडचा हट्टीपणा आणि त्याचे पाठीचे दुखणे या दोन्हींचे मूळ एकच आहे. ते समजले तर हा कुत्रा घरात सुखाने राहतो आणि घरालाही सुखाने राहू देतो.

अजिंठा, शिवना, गोळेगाव या सिल्लोड तालुक्यातल्या पट्ट्यात कुत्रा म्हणजे राखणदार. तो मक्याच्या राशीपाशी बसतो, गोठ्याच्या दारात झोपतो, रात्री कुणी परका आला की भुंकतो आणि सकाळी भाकरीचा तुकडा खाऊन शेतावर जातो. अशाच एखाद्या घरी दिवाळीच्या सुटीत शहरात नोकरी करणारा मुलगा टोपलीतून एक पिल्लू घेऊन येतो. पाय वीतभरही नाहीत, अंग मात्र लांबच लांब, कान लोंबते, डोळे मोठे आणि पाणीदार. पोरे भोवती गोळा होतात. आजी मात्र त्याच्याकडे बराच वेळ बघून विचारते, ‘‘याचे पाय वाढायचे राहिले का रे?’’

दोन-तीन महिन्यांत कौतुक ओसरते. तुळशीवृंदावनाशेजारी हातभर खड्डा खणलेला असतो. कोंबडीचे एक पिल्लू गेलेले असते. हाक मारली तर हा मान वळवून बघतो आणि उलट दिशेने चालू लागतो. पाहुणे आले की एवढ्याशा देहातून रेड्यासारखा आवाज काढतो, आणि झोपेत कुणी हात लावला तर गुरगुरतो. ‘कुत्रा बिघडला’ असा निकाल घरात लागतो.

असे घर अजिंठ्यात असू शकते, तसेच पुण्याच्या सोसायटीतही असू शकते. पण निकाल दोन्हीकडे चुकीचा असतो. हा कुत्रा बिघडलेला नसतो. ज्या कामासाठी माणसाने त्याला शेकडो वर्षे घडवले, तेच काम तो काम नसलेल्या घरात करत असतो. आणि आजीचा प्रश्न तर अगदी शास्त्रीय आहे. त्याचे उत्तर शास्त्रज्ञांना २००९ मध्ये मिळाले.

नावातच काम

या जातीला आपल्याकडे कुणी डॅशहुंड म्हणतात, कुणी डॅशाउंड, तर कुणी नुसते ‘सॉसेज डॉग’. शब्द जर्मन आहे. ‘डाक्स’ म्हणजे बॅजर आणि ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. बॅजर हा युरोपातला बिळात राहणारा, धारदार नख्यांचा आणि ताकदीचा प्राणी. आपल्याकडच्या चांदी अस्वलाचा दूरचा नातलग. त्याला बिळातून बाहेर काढण्यासाठी जर्मनीतल्या शिकाऱ्यांना असा कुत्रा हवा होता, जो अरुंद बोगद्यात शिरेल, अंधारात एकटा पुढे जाईल, समोर आपल्याइतक्याच वजनाचा चिडलेला प्राणी असला तरी मागे हटणार नाही, आणि जमिनीवर उभ्या असलेल्या मालकाला ऐकू जाईल एवढ्या जोराने भुंकेल.

या यादीतला एकेक गुण आजच्या डॅशहुंडमध्ये शाबूत आहे. आखूड पाय बिळासाठी, रुंद छाती दम टिकण्यासाठी, पुढचे भक्कम पंजे माती उकरण्यासाठी, खोल आवाज मालकाला जागा कळावी म्हणून. जर्मनीत या जातीचा क्लब १८८८ मध्ये स्थापन झाला आणि तिथे आजही तिच्याकडे शिकारी कुत्रा म्हणूनच पाहिले जाते. कुत्र्यांच्या जातींची आंतरराष्ट्रीय वर्गवारी करणाऱ्या संघटनेने दहा गट केले आहेत. त्यातला चौथा गट फक्त डॅशहुंडसाठी राखलेला आहे. त्यात मोठा, लहान आणि त्याहून लहान असे तीन आकार आणि तुळतुळीत, लांब व राठ केसांचे असे तीन प्रकार येतात. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचे ‘वाल्डी’ हे शुभंकरही डॅशहुंडच होते.

मराठवाड्याच्या माणसाला ही गोष्ट समजायला अवघड नाही, कारण कामासाठी कुत्रा घडवण्याची परंपरा इथेही आहे. लातूर-उदगीर भागातला कारवान कुत्रा पाहा. लांब पाय, आत गेलेले पोट, लांबोळे तोंड. उघड्या माळरानावर नजरेने ससा हेरायचा आणि वाऱ्यासारखे धावून तो गाठायचा, हे त्याचे काम. त्यासाठी त्याला पाय मिळाले. डॅशहुंडचे काम जमिनीखाली होते, म्हणून त्याचे पाय आखूड ठेवले गेले. कारवानाला दिवसभर साखळीने बांधून ठेवले तर तो चिडचिडा होतो, हे गावात कुणालाही सांगावे लागत नाही. डॅशहुंडला दिवसभर सोफ्यावर बसवले तर तोही बिघडतो, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. त्याच्या रूपामुळे तो खेळणे वाटतो.

हट्ट नव्हे, स्वतःचा निर्णय

मेंढ्या राखणाऱ्या जातींचा कुत्रा धनगराच्या शिटीकडे, हाताकडे, नजरेकडे सतत लक्ष ठेवतो. त्याचे कामच माणसाच्या इशाऱ्यावर चालते. बिळात शिरलेल्या डॅशहुंडला इशारा द्यायला तिथे कुणी नसते. पुढे जायचे की थांबायचे, कुठून उकरायचे, कधी भुंकायचे, हे तो स्वतः ठरवतो. जो कुत्रा प्रत्येक पावलाला मालकाकडे बघेल तो बिळात निकामी. म्हणून पिढ्यानपिढ्या स्वतःच्या डोक्याने वागणारीच पिल्ले निवडली गेली. आपण ज्याला हट्ट म्हणतो तो हा गुण.

अर्थात, जात म्हणजे कुंडली नव्हे. अमेरिकेतल्या संशोधकांनी १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली आणि त्यातल्या दोन हजारांवर कुत्र्यांची जनुके तपासली. हा अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. कुत्र्या-कुत्र्यांतल्या वागणुकीच्या फरकापैकी फक्त सुमारे नऊ टक्के फरक जातीने समजावता येतो, असे त्यात दिसले. म्हणजे शांत, लाडिक, हाकेला धावत येणारे डॅशहुंडही असतात. पिल्लाचे आईवडील कसे होते, पहिले तीन-चार महिने ते कुणाच्या सहवासात वाढले, घरात त्याला कसे वागवले, याचा वाटा मोठा आहे. जातीवरून एवढेच कळते की खणणे, भुंकणे, वासामागे जाणे आणि अडून बसणे या गोष्टींची तयारी ठेवावी.

या स्वभावाला शिकवायचे कसे? मारून तर मुळीच नाही. बॅजरपुढे मागे न हटणारा कुत्रा माणसाच्या काठीपुढेही सहज नमत नाही. तो एक तर उलटतो, नाहीतर घाबरट होतो, आणि घाबरलेला कुत्रा जास्त चावतो. त्याच्याशी व्यवहार करावा लागतो. हाक ऐकून आला की लगेच उकडलेल्या कोंबडीचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा आणि शाबासकी. शिकवणी दिवसातून तीन-चार वेळा, एका वेळी पाच मिनिटांची. पहिल्या महिन्यात त्याचे नाव, ‘ये’, ‘थांब’ आणि ‘सोड’ एवढे चार शब्द पुरेत. घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरावेत. आजोबा ‘इकडे ये’, मुले ‘कम’ आणि आई ‘चल रे’ म्हणत असेल तर कुत्र्याने काय समजावे?

शी-शूची सवय लागायला या जातीला वेळ लागतो. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर त्याला ठरलेल्या जागी न्यावे, काम झाले की तिथेच कौतुक करावे. घरात झाले तर नाक घासणे, ओरडणे याचा काही उपयोग नाही. त्यातून कुत्रा फक्त माणसापासून लपून करायला शिकतो. पावसाळ्यात ओल्या मातीत पोट टेकते म्हणून तो बाहेर जायलाच नकार देतो. त्यासाठी पत्र्याखाली एक कोरडा कोपरा आधीच ठरवून ठेवावा.

खणू द्या, पण ठरलेल्या जागी

जातककथांची चित्रे अजिंठ्याच्या भिंतींवर आहेत. जातकसंग्रहातली कुक्कुर जातक ही कथा कुत्र्यांची आहे. वाराणसीच्या राजाचा रथ रात्रभर अंगणात उघडाच राहतो, पावसाने त्याचे चामडी पट्टे भिजतात, आणि राजवाड्यातली पाळीव कुत्री ते कुरतडून खातात. राजा मात्र नगरातल्या कुत्र्यांना मारण्याचा हुकूम देतो. आपल्या जातिवंत कुत्र्यांवर त्याचा संशयच जात नाही. कुत्र्याच्या जन्मातला बोधिसत्त्व राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताक आणि दर्भ खायला लावतो, चामडे ओकून बाहेर पडते आणि सत्य कळते.

कथेचा बोध न्यायाचा आहे. पण कुत्रा पाळणाऱ्याने त्यातून आणखी एक गोष्ट घ्यावी. चावायला काही दिले नाही आणि चामडे उघड्यावर ठेवले, तर जातिवंत कुत्राही ते खाणारच. चपला कपाटात ठेवणे हे माणसाचे काम आहे.

खणण्याचेही तसेच. ते बंद करता येत नाही, वळवता येते. अंगणाच्या एका कोपऱ्यात तीन-चार पाट्या वाळू टाकून त्यात खेळणे किंवा खाऊ पुरून ठेवावा. तिथे उकरले की शाबासकी, तुळशीपाशी उकरले की शांतपणे उचलून पुन्हा वाळूत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी जुनी गोधडी चुरगाळून तिच्या घड्यांत खाऊचे तुकडे लपवावेत. नाकाने शोधत, पंजांनी उकरत तो पंधरा-वीस मिनिटे गढून जातो आणि मग तिच्यातच घुसून झोपतो. गोधडीखाली शिरून झोपणे हा डॅशहुंडचा आवडता छंद, तेही बीळच. मात्र म्हणूनच गोधडीवर बसण्यापूर्वी आत कुणी नाही ना, हे मुलांनी पाहण्याची सवय लावावी.

कोंबड्या, ससे, मांजरीची पिल्ले यांच्याबाबत भरवसा ठेवू नये. लहानपणापासून एकत्र वाढवले तर बरेच जमते, पण धावणारे छोटे जनावर दिसले की मागे लागणे ही त्याच्या रक्तातली गोष्ट आहे. खुराड्याला जाळी आणि त्याच्या गळ्याऐवजी अंगाला पट्टा, हाच खात्रीचा उपाय.

लहान तोंडाचा मोठा चावा

कुत्र्यांच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संशोधकांनी २००८ मध्ये तीसहून अधिक जातींची तुलना प्रसिद्ध केली. अनोळखी माणसांवर आणि मालकावरही धावून जाण्याच्या बाबतीत डॅशहुंड वरच्या क्रमांकात होता. सुमारे पाचातल्या एका डॅशहुंडने अनोळखी माणसाला चावण्याचा प्रयत्न केल्याचे मालकांनी सांगितले. मोठ्या जातीचा कुत्रा गुरगुरला की आपण सावध होतो. हा गुरगुरला की हसतो, मोबाइलवर चित्रीकरण करतो. त्याने दिलेली सूचना कुणी ऐकत नाही, म्हणून तो पुढची पायरी गाठतो.

कुत्रा सहसा सांगितल्याशिवाय चावत नाही. तो आधी तोंड वळवतो, ओठ चाटतो, अंग ताठ करतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो, मग गुरगुरतो. गुरगुरल्याबद्दल त्याला मारू नये. मारले तर तो गुरगुरणे सोडतो आणि पुढच्या वेळी थेट चावतो. मुलांना तीन नियम शिकवावेत: खाताना त्याच्याजवळ जायचे नाही, झोपलेला असताना हात लावायचा नाही, आणि तो उठून निघून गेला तर मागे जायचे नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला आणि कुत्र्याला खोलीत एकटे सोडू नये, मग कुत्रा कितीही गरीब असो. आणि आजवर शांत असलेला डॅशहुंड अचानक चावरा झाला, तर आधी पशुवैद्याकडे जावे. अनेकदा त्यामागे पाठीची वेदना असते.

रेबीजची लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने दरवर्षी द्यावी. तरीही कुत्रा चावला, अगदी घरचा असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. हळद, चुना, तिखट जखमेवर लावू नये.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर

आता पाय का वाढले नाहीत, त्याकडे वळू. अमेरिकेच्या राष्ट्रीय जीनोम संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवले की, डॅशहुंडसारख्या आखूड पायांच्या जातींमध्ये हाडांच्या वाढीशी संबंधित ‘एफजीएफ-४’ या जनुकाची एक जादा प्रत असते. तिच्यामुळे पायांच्या लांब हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची कूर्चा लवकर थांबते. थोडक्यात, आजीचे निदान बरोबर होते: पाय वाढायचे राहिले, आणि माणसाने तेच हेरून पिढ्यानपिढ्या जपले.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. २०१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञांना त्याच जनुकाची आणखी एक जादा प्रत दुसऱ्या गुणसूत्रावर सापडली. तीही पाय आखूड करते, पण सोबत मणक्यांमधल्या गाद्या अकाली म्हाताऱ्या करते. दोन मणक्यांमधली गादी बाहेरून चिवट आणि आतून मऊ, जेलीसारखी असते. ती धक्के झेलते. डॅशहुंडमध्ये हा मऊ गर वर्ष-दीड वर्षाच्या वयातच सुकू लागतो, त्यात चुना साचतो. मग एखाद्या दिवशी उडी मारताना, कधी तर काहीच न करता, बाहेरचे आवरण फाटते आणि तो कडक गर मज्जारज्जूवर आदळतो. वेदना होते, पाय लटपटतात, काही तासांत मागचे दोन्ही पाय लुळे पडू शकतात.

हे क्वचित घडणारे नाही. साधारण दर चार-पाच डॅशहुंडमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी या त्रासाची लक्षणे दिसतात, बहुधा तीन ते सात वर्षांच्या वयात. म्हणजे कुत्रा ऐन उमेदीत असताना आणि घरच्यांचा जीव त्याच्यात पूर्ण गुंतलेला असताना.

जनुक बदलता येत नाही, पण भार कमी करता येतो. पहिली गोष्ट वजन. बरगड्यांवरून हात फिरवला तर त्या बोटांना जाणवल्या पाहिजेत, आणि वरून पाहिले तर कंबर दिसली पाहिजे. चहासोबतची बिस्किटे, भाताचा उरलेला ढीग, साजूक तुपाची पोळी हे प्रेम त्याच्या पाठीवर चढते. शिजवलेले मांस किंवा अंडे, थोडा भात वा भाकरी, भाजी, किंवा चांगले तयार खाद्य मोजून दोन वेळा द्यावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट त्याच्यासाठी विषारी आहेत. रश्श्याची भाकरी म्हणूनच नको.

दुसरी गोष्ट उचलण्याची. पुढच्या पायांना धरून लटकवत उचलू नये. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पाठ जमिनीला समांतर. मागच्या दोन पायांवर उभे राहून ‘नमस्कार’ करायला शिकवू नये. गुळगुळीत फरशीवर सतरंजी किंवा पोते अंथरावे. पलंगावर चढण्याची त्याला सवय असेल तर गोणपाट ठोकलेली फळी उतरणीसारखी लावावी.

पण याचा अर्थ त्याला काचेच्या कपाटात ठेवावे असा नाही. ब्रिटनमध्ये २०१५ मध्ये सुमारे दोन हजार डॅशहुंडच्या मालकांची पाहणी झाली. रोज अर्ध्या तासाहून कमी फिरणाऱ्या कुत्र्यांत हा त्रास जास्त आढळला. तासाहून अधिक फिरणाऱ्यांत कमी. आजारी कुत्री आधीच कमी फिरत असतील, त्यामुळे या आकड्यांचा अर्थ जपून लावावा लागतो. तरीही कमावलेले स्नायू मणक्याला आधार देतात, हे खरे. रोज दोन वेळा सपाट रस्त्यावर चालणे या जातीला मानवते आणि आवडतेही. नसबंदी कधी करावी, हेही पशुवैद्याशी बोलून ठरवावे. वर्ष पूर्ण होण्याआधी केलेल्या नसबंदीनंतर पाठीचा त्रास वाढल्याचे त्याच देशातल्या पाहणीत दिसले आहे.

तास मोजावे लागतात

कुत्रा पाठीला बाक काढून उभा राहतो, मान वर करत नाही, उचलताना केकाटतो, रोजची पायरी चढायला नकार देतो, मागचे पाय एकमेकांत अडकतात, पंजा उलटा घासत चालतो किंवा लघवी अडकते. यातले एकही लक्षण दिसले तर ‘बघू उद्या’ म्हणू नये. त्याला लहान खोक्यात किंवा पिंजऱ्यात ठेवून हालचाल थांबवावी, नेताना सपाट फळीवर न्यावे. तेलाने मालीश करू नये. माणसाची वेदनाशामक गोळी देऊ नये. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात, आणि नंतर डॉक्टरांना योग्य औषध देण्यातही अडचण येते.

फक्त वेदना असेल तर औषधे आणि चार ते सहा आठवडे कडक विश्रांती यांनी अनेक कुत्री बरी होतात. अवघड भाग विश्रांतीचा असतो. आठवड्याभरात कुत्रा उड्या मारू लागतो आणि घरचे त्याला सोडतात; गादीचे आवरण मात्र भरून आलेले नसते. पाय लुळे पडले असतील तर शस्त्रक्रियेचा विचार तातडीने करावा लागतो. पायाच्या बोटांत खोलवरची वेदना जाणवत असेपर्यंत शस्त्रक्रिया झाली, तर बहुतेक कुत्री पुन्हा चालतात. ती जाणीव गेली की शक्यता जवळपास निम्म्यावर येते.

अजिंठ्यासारख्या ठिकाणी खरा प्रश्न इथे उभा राहतो. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्यांसाठी आहे. छत्रपती संभाजीनगर सुमारे १०० किलोमीटरवर. मराठवाड्यातले सरकारी पशुवैद्यक महाविद्यालय परभणीला आणि उदगीरला आहे. मणक्याच्या स्कॅनसाठी आणि शस्त्रक्रियेसाठी पुण्या-मुंबईपर्यंत जावे लागू शकते. म्हणून पिल्लू आणण्याच्या आठवड्यातच जवळच्या पशुवैद्याला भेटून विचारून ठेवावे: असे झाले तर कुठे जायचे, कुणाला फोन करायचा, खर्च अंदाजे किती? रात्री अकरा वाजता हे शोधत बसण्यात गेलेले तास परत मिळत नाहीत.

घाटमाथ्याचे ऊन आणि बांधावरचे बीळ

उन्हाळ्यात या भागात पारा चाळिशीपार जातो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड ठेवतो. डॅशहुंडचे पोट जमिनीपासून चार-सहा बोटांवर असते, त्यामुळे वरून ऊन आणि खालून डांबराची धग असा दुहेरी मारा होतो. हाताची पालथी बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर तो रस्ता त्याच्यासाठी नाही. फिरणे पहाटे आणि दिवस मावळल्यावर. जोराची धाप, लाळेचे धागे, लाल हिरड्या, झोकांड्या दिसल्या तर सावलीत नेऊन साध्या गार पाण्याने अंग भिजवावे, पंखा लावावा आणि लगेच डॉक्टर गाठावा.

शेतावर मोठा धोका आहे बांधाच्या बिळांचा. त्याला बीळ दिसले की नाक आत जाते. आत उंदीर असेल, मुंगूस असेल, नाहीतर नाग, घोणस, मण्यार किंवा फुरसे असेल. डॅशहुंड मागे हटत नाही, हा त्याचा गुण इथे त्याच्या जिवावर बेततो. मोकळ्या शिवारात त्याला लांब दोरीवर ठेवावे. साप चावल्याची शंका आली तर दोरी आवळणे, जखम कापणे, उतारा करणे यात वेळ न घालवता उचलून न्यावे. प्रतिविष हाच उपचार आहे.

उंदरांसाठी मक्याच्या कणग्यांपाशी ठेवलेले झिंक फॉस्फाइडचे आमिष हा दुसरा धोका. हा कुत्रा आमिष खातो, तसाच विष खाल्लेला उंदीरही खातो. पावसाळ्यात उंदरांच्या मुतामुळे पसरणारा लेप्टोस्पायरोसिस आणि गोचिडांमुळे येणारा ताप यांचीही भर पडते. लसींच्या वेळापत्रकात लेप्टोची लस आहे का, हे विचारावे आणि रोज संध्याकाळी कानामागे, बोटांच्या बेचक्यात आणि पोटाखाली गोचीड पाहावी.

आणण्यापूर्वी

कुत्रे पैदास आणि विक्रीसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. त्यानुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. रस्त्याकडेच्या टोपलीतून किंवा मोबाइलवरच्या फोटोवरून पिल्लू घेऊ नये. आई समोर पाहावी. ती भित्री किंवा चावरी असेल तर परत फिरावे. आई, बाप किंवा त्यांच्या आधीच्या पिल्लांपैकी कुणाला पाठीचा त्रास झाला का, हे स्पष्ट विचारावे. ठिपकेदार रंगाला जादा भाव मिळतो म्हणून दोन ठिपकेदार कुत्र्यांची जोडी लावणारे असतात. अशा पिल्लांमध्ये आंधळेपणा आणि बहिरेपणाचा धोका असतो. लांबी जितकी जास्त आणि पाय जितके आखूड तितका कुत्रा ‘असली’ हा समज तर सोडूनच द्यावा. थोडे उंच पाय आणि आटोपशीर पाठ हे आरोग्याचे लक्षण आहे.

डॅशहुंड १२ ते १६ वर्षे जगतो. आज पाचवीत असलेली मुलगी कॉलेज संपवून नोकरीला लागेपर्यंत तो घरात असेल. तेव्हा त्याला फिरवायला कोण नेणार, आणि उद्या मागचे पाय गेले तर दोन महिने त्याला उचलून अंगणात कोण नेणार, हे आधी बोलून घ्यावे. उत्तर ‘बघू’ असे असेल, तर घराच्या दारात येणारे गावठी पिल्लू अधिक शहाणपणाचे. इथले ऊन त्याला सोसते, पाठ सहसा दगा देत नाही आणि मायेत ते कुठेच कमी नसते.

पण उत्तर नक्की असेल, तर या कुत्र्याइतका सोबती विरळा. तो एक माणूस निवडतो आणि दिवसभर त्याच्या मागे मागे फिरतो. अनेकदा तो माणूस त्याला आणणारा मुलगा नसतो. सुटी संपून मुलगा शहरात परत गेलेला असतो. घरात उरते ती आजी, जिने पहिल्या दिवशी त्याच्या पायांची चौकशी केली होती. दुपारी ती निवडायला तांदूळ घेऊन बसते, तेव्हा तिच्या गोधडीचा एक कोपरा हलत असतो. तिने त्याला उचलताना दुसरा हात मागच्या पायांखाली घातला, आणि उरलेली अर्धी भाकरी त्याच्यापुढे न टाकता गाईला दिली, तर त्याच्या पाठीची निम्मी काळजी मिटली.